टोपड्याच्या गाठीबाबत

नाव कुंडलिक महिपती तळेकर, वय ३७ वर्षे, धंदा रेडिओ दुरुस्ती, मूळ राहणार केम, तालुका करमाळा, हल्ली राहणार भवानी पेठ, सोलापूर. दिनांक १९ एप्रिल १९७८. चौकीत स्वतः हजर राहून, विचारले त्याला उत्तर म्हणून, माझ्या तोंडाने सांगतो की,

मी वरील ठिकाणी पत्नी वच्छला, वय ३१, हिच्यासह भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. माझी आई सोजरबाई ही गेल्या आठवड्यात केमहून आली आहे. याशिवाय घरात कोणी नाही. लहान मूल नाही. कोणाचेही मूल आमच्या घरी आणलेले नव्हते व नाही. हे मी सकाळपासून चौथ्यांदा सांगत आहे. पहिल्यांदा दारात उभ्या असलेल्या शिपायाला सांगितले, मग पंचांना, मग फौजदार साहेबांना आणि आता जबाब लिहून घेणारे हवालदार सिद्धनाथ यांना. दर वेळी तेच सांगितले, कारण दुसरे सांगण्यासारखे काही नाही. मी थकलो आहे, हेही लिहावे. हवालदार म्हणाले, तसे लिहिण्याची पद्धत नाही. तरी लिहिले.

माझे बाळीवेशीत रेडिओ दुरुस्तीचे लहानसे दुकान आहे. लग्नसराईत लाऊडस्पीकर भाड्याने देणारे लोक माझ्याकडून ॲम्प्लिफायर करून घेतात. कंपनीचा ॲम्प्लिफायर वरातीत दोनदा आपटला की मुका होतो. माझा होत नाही. ॲम्प्लिफायरच्या पोटात एक पाटी असते, तिच्यावर सगळे भाग बसवलेले असतात. माझ्या मापाची पाटी बाजारात मिळत नाही, म्हणून ती मी घरी करतो. आज पंचांनी जप्त केलेल्या वस्तूंपैकी ‘तांब्याचे पत्रे, त्यावर तांबड्या रंगाची विचित्र चिन्हे’ असे ज्याला लिहिले आहे, त्या या पाट्या. चिन्हे विचित्र नाहीत. वीज ज्या वाटेने जायची त्या वाटा आहेत.

पाटी म्हणजे बेकेलाइट नावाच्या कडक प्लास्टिकचा तुकडा, त्यावर एका अंगाने तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेला. हव्या त्या रेघा तांब्यावर रंगाने काढायच्या. त्यासाठी मी बायकांचे नखाचे पॉलिश वापरतो, कारण ते लवकर वाळते आणि पाण्याला दाद देत नाही. घरात सापडलेल्या बाटल्या त्यासाठीच आहेत. माझी पत्नी नखे रंगवत नाही. आईने आल्या दिवशी या बाटल्या पाहिल्या आणि दोन दिवस पत्नीशी अबोला धरला, तेव्हाही मला हे सगळे सांगावे लागले होते. रेघा वाळल्या की पाटी फेरिक क्लोराईडच्या पाण्यात ठेवायची. रंगाखालचे तांबे राहते, उघडे तांबे पाणी खाते. यात जादूटोणा नाही. केमिकलच्या दुकानात हे कोणालाही मिळते. पिवळट खडे असतात. विरघळले की पाणी काढ्यासारखे होते आणि फरशीवर, कपड्यावर, हातावर पडले की वाळलेल्या रक्तासारखा डाग पडतो. तो जात नाही. पत्नीच्या हातांवर व लुगड्यावर जे डाग आहेत ते त्याचेच. डाग माझ्याही हातांवर आहेत. माझे हात कोणी तपासले नाहीत.

घरात आम्ही त्याला नुसते फेरिक म्हणतो. गार फेरिक काम करत नाही, त्यामुळे ‘फेरिकला ऊन दाखवलं का’, ‘फेरिकला गार पडू देऊ नको’, ‘फेरिकवर झाकण घाल’, अशी आमची रोजची बोलणी असतात. शेजारीण निंगव्वा हिच्या व आमच्या खोलीत एकच भिंत आहे आणि ती वर छपरापर्यंत गेलेली नाही. ही बोलणी तिने ऐकली. तिची बोली कानडी. फेरिक म्हणजे मूलच, असे तिने धरले. हवालदारांनी तक्रारीत ते नाव रफिक असे लिहिले, आणि त्या नावाचे मूल कोणाचे हरवले आहे काय याची सकाळी चौकशीही झाली असे कळते. मला हवालदारांनी पहिलाच प्रश्न केला, ‘ह्यो फेरिक कुणाचा?’ मी म्हणालो, ‘केमिकलवाल्याचा.’ त्यावर त्यांनी मला नीट बोलण्यास बजावले. मी नीटच बोललो होतो.

पाटी पाण्यात ठेवून दिली म्हणजे झाले असे नाही. ठेवून दिली तर खाल्लेल्या तांब्याचा गाळ तिच्यावरच बसतो. कडा आधी खाल्ल्या जातात आणि मधले तांबे तसेच राहते. मधले जावे म्हणून थांबावे, तर कडेच्या रेघा रंगाखालून कातरल्या जातात. सगळीकडे सारखे खाल्ले जायचे तर पाणी पाटीवरून सतत ये-जा करत राहिले पाहिजे, हळू आणि एकसारखे. मी पूर्वी हाताने ट्रे हलवत असे. खांदा भरून येई, आणि खांदा भरून आला की हात घाई करतो. पहिल्या वर्षी निम्म्या पाट्या वाया गेल्या. एकदा मी वैतागून अख्खा ट्रे मोरीत उपडा केला. तो डाग अजून मोरीत आहे. पंचांनी आज तो खरवडून कागदाच्या पुडीत घेतला आहे.

पाळण्याबद्दल विचारल्यावरून सांगतो. पाळणा आमचाच आहे. तो पत्नीच्या माहेरून, करकंबहून आला. तिच्या वडिलांनी गावच्या सुताराकडून करवून घेतला आणि एस.टी.च्या टपावर घालून स्वतः आणून दिला. ही गोष्ट सहा वर्षांपूर्वीची. मुलगा झाला होता. बाराव्या दिवशी बारसे करायचे ठरले होते. त्याआधीच मूल गेले. ताप होता. नाव ठेवायचे राहिले होते, त्यामुळे येथे लिहिण्यास नाव नाही. हवालदारांनी नावाची जागा कोरी सोडली होती, ती मी त्यांना रेघ मारून बंद करण्यास सांगितले. त्यानंतर आम्हांस मूल झाले नाही. पाळणा माळ्यावर ठेवला होता.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात मी ट्रे हलवून खांदा चोळत बसलो होतो. पत्नी ज्वारी निवडत होती. ती म्हणाली, ‘माळ्यावरचा काढा की. त्याला खांदा लागत न्हाय. दोरी लागती निस्ती.’ मी तिच्या तोंडाकडे पाहिले. ती ज्वारीच निवडत होती. मी शिडी लावून पाळणा काढला, पुसला आणि पुढच्या खोलीतल्या तुळईच्या कडीला टांगला. 

टांगल्यावर तो कसा चालतो ते पाहायला मी एक झोका दिला. पत्नी धावत आली आणि तिने तो दोन्ही हातांनी धरून थांबवला. रिकामा पाळणा हलवत नाहीत. मला ते ठाऊक आहे, पण मी मेकॅनिक माणूस, समोर काही लटकले की हलवून पाहतो. मला फार वाईट वाटले. मी तसे तिला बोललो नाही.

पाळण्याची मधली फळी खचलेली असल्याने ट्रे मधोमध ठेवता येत नाही, एका टोकाला ठेवावा लागतो. मग पाळणा त्या अंगाला झुकतो आणि पाणी एकीकडे जमा होते. म्हणून दुसऱ्या टोकाला तेवढेच वजन हवे. मी वीट ठेवली. पत्नीने वीट काढून दाराबाहेर ठेवली. ती म्हणाली, ‘पाळण्यात वीट ठिवत्यात व्हय? वरवंटा ठिवा. बारशाला पोराच्या आधी वरवंटाच निजवत्यात की. त्यो चालतो.’ मी वरवंटा ठेवला. वजन जमले. पाळण्यात वरवंटा कोणत्या हेतूने होता या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे.

तेव्हापासून असे चालते की, मी दुपारी जेवून दुकानावर जाण्याआधी उन्हात तापलेले फेरिक जमिनीवरच्या ट्रेमध्ये ओततो, पाटी आत ठेवतो आणि जातो. ट्रे पाळण्यात पत्नी ठेवते आणि खाली बसून दोरी ओढते. एका हाताने दोरी, दुसऱ्या हाताने निवडणे-टिपणे चालते. मधले तांबे गेले की ती पाटी लाकडी चिमट्याने काढून पाण्याखाली धरते. निंगव्वा हिचे म्हणणे आहे की दोरी ओढताना पत्नी गात असते. असेल. मी त्या वेळी घरी नसतो. आई आल्यापासून त्या वेळी देवळात असते, आणि एरवी पाळण्यावर पत्नीने फडके टाकलेले असते. आमचे रेडिओवाल्याचे घर आहे, घरात कोणत्याही वेळी चार-पाच रेडिओ असतात. त्या वेळेला त्यातला एकही चालू नसतो, असेही निंगव्वा म्हणते.

सुरुवातीला एक अडचण होती. वरवंटा गोल असल्याने झोक्याबरोबर गडगडायचा. तो सरकला की पाळणा तिरका होई आणि पाटीचे एक टोक जास्त खाल्ले जाई. मी चिंध्या लावून पाहिल्या, त्या निसटत. दिवाळीच्या सुमारास मात्र पाट्या एकदम सारख्या येऊ लागल्या. चारही कोपरे सारखे, रेघा सुतासारख्या. लाऊडस्पीकरवाले संगप्पा यांनी एक पाटी उजेडाला धरली आणि मला विचारले, ‘कुठल्या कंपनीची?’ मला वाटले, माझा हात बसला. तसे मी दोन-चार ठिकाणी बोलूनही दाखवले.

काल दुपारी निंगव्वा विरजण मागण्यासाठी आमच्या दारात आली. पत्नी मोरीत पाटी धूत होती. दार लोटलेले होते. निंगव्वाने फटीतून आत पाहिले. तिला पाळण्यात टोपडे घातलेले, झबल्यात गुंडाळलेले काहीतरी दिसले. ते हलत नव्हते व रडत नव्हते. त्याच वेळी मोरीतून बाहेरच्या गटारात तांबडे पाणी आले. ती तशीच परत गेली आणि तिने आपला मुलगा ईरप्पा याला सांगितले. ईरप्पाने चौकीवर येऊन सांगितले. त्यात त्यांचा काही दुष्टावा होता असे माझे म्हणणे नाही. निंगव्वा आमच्या मुलाच्या वेळी रात्रंदिवस आमच्या घरी बसली होती. आज तिला मी चौकीच्या पायरीवर रडताना पाहिले. ती पत्नीला म्हणत होती, ‘तंगी, मला ठाव न्हवतं की गं. बाळच वाटलं. हलंना, रडंना. माझा जीव ऱ्हायला न्हाई.’ तिच्या बोलीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. पत्नीने तिचा हात धरून ठेवला होता.

आज सकाळी पोलीस पंचांसह घरी आले, तेव्हा मी दुकान उघडत होतो. मला बोलावणे आले. मी पोहोचलो तो अर्धी पेठ आमच्या दारात होती. पाळणा खाली उतरवलेला होता. ट्रे, फेरिकची बरणी, पाट्या, पॉलिशच्या बाटल्या, डाग पडलेली फडकी आणि वरवंटा असे सर्व ओळीने मांडले होते. वरवंट्यावर पिवळ्या छिटाचे टोपडे व तसलेच झबले होते. टोपड्याला नाड्या होत्या. सदर कपडे मी ओळखले. ते माझ्या आईने मुलाच्या बारशासाठी शिवले होते. वरवंट्यावर ते मी आज पंचनाम्याच्या वेळी प्रथमच पाहिले.

चौकीत आल्यावर फौजदार साहेबांनी तांबड्या पाण्याबद्दल खात्री करून घेण्याचे ठरवले. मी टेबलावरच्या ट्रेमध्ये ऊन दाखवलेले फेरिक ओतले आणि पाटीचा एक तुकडा त्यात टाकून हलवला. अर्धे तांबे गेल्यावर त्यांना दाखवला. त्यांनी बोट घालून पाहिले. बोट तांबडे झाले. नंतर हवालदारांनीही बोट घातले. टेबलावर सांडले ते मी पुसले, पण डाग राहणार आहे, त्याची जबाबदारी माझ्यावर टाकू नये. साहेब म्हणाले, ‘ठीक आहे. रक्त नाही.’ मला वाटले आता सुटलो.

त्यानंतर साहेबांनी वरवंटा हातात घेऊन मला विचारले, ‘केमिकलचं समजलं. पाळण्याचं पण समजलं. दगडाला टोपडं कशाला, तेवढं सांगा. बाईंच्या डोक्यात काही बिघाड असेल, तर मला त्यांना सरकारी डॉक्टरांकडे पाठवून कागद घ्यावा लागेल. पुढचं मग ते ठरवतील.’ मी गप्प राहिलो. त्याच वेळी माझी आई दारातून मोठ्याने बोलली. तिचे शब्द असे, ‘त्ये टोपडं म्या शिवलंय. माझ्या नातवाचं हाय. हिनं दगडाला घातलंय. डोस्कं फिरलंय हिचं. डागदर कशाला लागतोय? सांजच्या यष्टीनं करकंबला धाडा, हितं नगं.’ बाहेर पेठेतली माणसे उभी होती. त्यांनी ते ऐकले. आईला मी दोष देत नाही. नातू तिचाही होता. पण एकदा करकंबला पाठवलेली बाई परत येत नाही, हे आईला ठाऊक आहे आणि मलाही ठाऊक आहे.

पत्नी बाकावर बसली होती. तिने पदर डोक्यावरून घेतला होता आणि डाग पडलेले हात मांडीवर उघडे ठेवले होते. साहेबांनी तिला दोनदा विचारले. ती बोलली नाही. मला राग आला आहे. कोणाचा ते मला धड सांगता येत नाही. दिवाळीपासून माझ्या घरात माझ्या पाट्या सारख्या येत होत्या आणि त्या का येतात ते मी एकदाही पाळण्यात वाकून पाहिले नाही. दुकानावरून आल्यावर मी फक्त पाटी पाहत असे.

मी हवालदारांना पाणी मागितले. ते प्यायलो. आता वरील जबाबात एक चूक झाली आहे, ती दुरुस्त करून सांगतो.

वरवंट्यावर टोपडे व झबले मी आज प्रथम पाहिले असे वर लिहिले गेले आहे. ते चुकून बोलण्यात आले. सदर टोपडे व झबले वरवंट्यास मी स्वतः घातले. माझ्या पत्नीचा त्यात काही संबंध नाही. कारण असे की, वरवंटा गोल आहे व तो गडगडतो. नुसता बांधावा तर दोरी गुळगुळीत दगडावरून सरकते. झबले घातले की तो गडगडत नाही. टोपड्याला नाडी असते. ती वरवंट्याच्या टोकाखालून घेऊन पाळण्याच्या गजाला बांधली की वजन जागचे हलत नाही, पाळणा समपातळीत राहतो, पाणी दोन्ही टोकांना सारखे पोहोचते आणि पाटी सगळीकडे सारखी खाल्ली जाते. पाट्या दिवाळीपासून सारख्या येऊ लागल्या त्या यामुळेच. हे मला आज समजले, म्हणजे मी स्वतःच केलेले असल्याने आधीपासून माहीत आहे. घरात दुसरे मजबूत शिवलेले, नाडीचे, त्या मापाचे कापड नव्हते. म्हणून ते घेतले. नाडी मी दाराकडच्या गजाला बांधली होती.

हवालदार म्हणाले, ‘वरचं खोडता येत न्हाय. खोडलं तर का खोडलं ते लिवावं लागतंय.’ मी म्हणालो, खोडू नका. दोन्ही राहू द्या. फौजदार साहेबांनी विचारले, ‘तुम्ही घातलंत, तर मग मघाशी गप्प का होतात?’ मी सांगितले की पुरुष माणसाने दगडाला टोपडे घातले हे चारचौघांत बोलायला लाज वाटली. साहेबांनी हातातला वरवंटा टेबलावर ठेवला. नंतर म्हणाले, लिहून घ्या. दगडाला टोपडे घालणाऱ्या पुरुषालाही सरकारी डॉक्टरांकडे पाठवावे लागते काय, असे मी विचारले. ते म्हणाले, धंद्याच्या कामासाठी घातले असेल तर लागत नाही. धंद्याच्या कामासाठीच घातले, असे पुन्हा सांगतो.

आईला साहेबांनी आत बोलावून विचारले की टोपडे मुलाने घातले हे खरे काय. आईने माझ्याकडे पाहिले, नंतर बाकाकडे पाहिले. ती म्हणाली, ‘मला काय म्हाईत. म्या केमला असती.’ एवढेच बोलून ती परत बाहेर जाऊन बसली. करकंबचे ती पुन्हा बोलली नाही.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. निंगव्वा व ईरप्पा यांच्याविरुद्धही नाही. जप्त केलेल्या वस्तू मला परत मिळाव्यात. फेरिक चौकीत ठेवू नये, बरणीचे झाकण खाल्ले जाते. पाट्या लग्नसराईच्या कामाच्या आहेत, त्यांचा उशीर झाला तरी चालेल. पाळणा मात्र आजच मिळावा, आणि तो देताना रिकामा देऊ नये. सकाळी शिपायाने तो डोक्यावर घेऊन भर रस्त्याने रिकामा हलवत आणला, ते पत्नीने सबंध वाटेवर पाहिले आहे. हवालदार म्हणाले, वरवंटा आत ठेवून देतो. मी म्हणालो, आहे तसा, कपड्यांसह ठेवा.

हवालदारांनी हा जबाब मोठ्याने वाचला. मी उभा राहून ऐकला. पत्नीही ऐकत होती. गाठीचे वाक्य आले तेव्हा ती सकाळपासून पहिल्यांदा बोलली. ती म्हणाली, ‘गाठ दाराकडच्या गजाला न्हाय. भितीकडच्या हाय. दाराकडनं झळ लागती.’ हवालदारांनी पेन थांबवले. त्यांचे बोट अजून तांबडे होते. त्यांनी मला विचारले, ‘झळ कुणाला लागती?’ मी सांगितले, फेरिकला. फेरिकला ऊन दाखवावे लागते, हे हवालदारांनी वर स्वतःच्या हाताने लिहिलेले आहे. त्यांनी पुन्हा विचारले नाही. दाराकडच्या ऐवजी भिंतीकडच्या, अशी दुरुस्ती केली.

वाचलेले सर्व मी ऐकले. दुरुस्तीसह ते माझेच सांगणे आहे व मला मान्य आहे.

(सही) कुंडलिक महिपती तळेकर